दोन कार्डांचं गणित कधी जुळलं, कधी फसलं

एक तगडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की तेवढ्याच पैशांत दोन मध्यम? हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. मधली काही वर्षं तो जवळपास निकालात निघाला होता. आता तो परत आणला आहे घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी आणि रेंडरिंग (थ्रीडी सीनचं चित्र तयार करणं) करणाऱ्यांनी. सल्ले मात्र अजून गेमिंगच्या जमान्यातलेच दिले जातात, आणि गोंधळ तिथेच होतो.

सुरुवात १९९८ची. थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन व्हूडू २ कार्डं कॅबिनेटच्या आत एका रिबन केबलने जोडता यायची. या जोडणीचं नाव एसएलआय. चित्रातल्या सम ओळी एक कार्ड काढणार, विषम ओळी दुसरं. एकट्या कार्डाची मजल ८०० बाय ६०० पर्यंत, जोडीची १०२४ बाय ७६८. व्हूडू २ ला साधा टू-डी डेस्कटॉप दाखवता येत नसे, म्हणजे त्यासाठी तिसरं कार्ड आलंच. मेमरीचा हिशेब बघण्यासारखा आहे. १२ एमबीच्या कार्डात ४ एमबी फ्रेम बफरला (पडद्यावरचं चित्र साठवायला) आणि ८ एमबी टेक्स्चरला (वस्तूंवर चढवायच्या चित्रांना) असे. जोडी केली की फ्रेम बफरची बेरीज व्हायची, टेक्स्चर मात्र दोन्ही कार्डांवर तेच ते भरावं लागे. दोन कार्डं म्हणजे दुप्पट मेमरी नव्हे, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढची वीस वर्षं ‘४ अधिक ४ म्हणजे ८ जीबी ना?’ हे विचारणं काही थांबलं नाही.

पुढे कार्डं एजीपी या खास ग्राफिक्सच्या स्लॉटवर गेली. मदरबोर्डवर एजीपीचा स्लॉट एकच, त्यामुळे जोडी लावायची सोयच राहिली नाही. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता घेण्याचा करार एनव्हिडियाने केला आणि २००४ मध्ये, एकाहून जास्त कार्डं लावता येणारे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आल्यावर, जोडकार्डांची कल्पना त्याच एसएलआय नावाने पुन्हा बाजारात आणली. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी एटीआयची तशीच जोडणी, क्रॉसफायर, आली. सुरुवातीला त्यात एक खास ‘मास्टर’ कार्ड आणि कॅबिनेटच्या मागून बाहेर लोंबणारी केबल लागायची.

आता वाटणी ओळींची राहिली नव्हती, बहुतेक गेममध्ये ती फ्रेमची झाली होती. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने. जुन्या गेममध्ये हे छान चाले. २०१० मध्ये दोन जीटीएक्स ४६० मिळून एनव्हिडियाच्या तेव्हाच्या सर्वांत तगड्या जीटीएक्स ४८० ला मागे टाकत आणि दोघांची मिळून किंमत त्या एकापेक्षा कमी पडे. ‘आज एक घे, पुढच्या दिवाळीत दुसरं लाव’ हा सल्ला त्या काळचा. तेव्हा तो चुकीचा नव्हता.

बिघाड आकड्यांत दिसत नव्हता, डोळ्यांना दिसत होता. समजा दोन कार्डांच्या फ्रेम १० मिलिसेकंद, २३ मिलिसेकंद, पुन्हा १०, पुन्हा २३ अशा अंतराने येत आहेत. सरासरी निघते साडेसोळा, म्हणजे मीटरवर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम). डोळ्यांना जाणवतो तो २३ चा खोळंबा, म्हणजे जेमतेम ४३ एफपीएस. याला मायक्रोस्टटर म्हणतात. २०११ पासून समीक्षक सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजू लागले, २०१३ मध्ये एनव्हिडियाने त्यासाठी एफकॅट हे साधन आणलं, आणि त्याच वर्षी, एटीआयला विकत घेतलेल्या एएमडीला फ्रेमचं अंतर सावरणारा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) द्यावा लागला.

पण जोडीचा घात मायक्रोस्टटरने केला असं मला वाटत नाही. खरं कारण गेम बनवण्याच्या पद्धतीत होतं. कडा गुळगुळीत करणारं टीएए आणि तशी इतर तंत्रं मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डावर असली तर ती इकडे येईपर्यंत हे कार्ड हात बांधून बसणार. वाटून घेण्याजोगं कामच उरलं नाही. त्यात गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेल्या २०१५च्या डायरेक्टएक्स १२ ने दोन कार्डं सांभाळायची जबाबदारी ड्रायव्हरकडून गेम बनवणाऱ्यांकडे ढकलली. मूठभर ग्राहकांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

मग एकेक दार बंद होत गेलं. २०१६च्या जीटीएक्स १०६० वर एसएलआय नव्हतंच, म्हणजे ज्या मध्यम कार्डासाठी ही युक्ती होती तिथूनच ती गेली. एएमडीच्या २०१९च्या आरएक्स ५७०० एक्सटीवर क्रॉसफायर नव्हतं. आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीची सोय उरली ती फक्त ३०९० वर्गात, १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नवीन एसएलआय प्रोफाइल (त्या-त्या गेमसाठी जोडणीची सेटिंग) देणं थांबवलं, आणि २०२२च्या ४०९० वर जोडणीचा कनेक्टरच नाही. तेव्हा गेमिंगसाठी विचारत असाल तर एकच कार्ड, विषय संपला. लॉसलेस स्केलिंगसारखं सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम तयार करायचं काम दुसऱ्या कार्डावर टाकू शकतं, पण त्याला जुनं पडून असलेलं कार्ड चालतं. त्यासाठी नवीन घेऊ नये.

रेंडरिंगचं तसं नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये चित्राचे तुकडे खरोखर स्वतंत्र असतात, त्यामुळे दोन सारखी कार्डं वेग जवळपास दुप्पट करतात. अट १९९८ची तीच: पूर्ण सीन प्रत्येक कार्डात मावायला हवा. एक ४के टेक्स्चर उघडल्यावर ६४ एमबी घेतं, शंभर टेक्स्चरचे ६.४ जीबी झाले, शिवाय झाडांची पानं आणि पडद्यांच्या चुण्या वेगळ्या. १४ जीबीच्या सीनला १२ जीबीची दोन कार्डं असून नसल्यासारखी. एकतर मेमरी संपल्याचा एरर येतो, नाहीतर काम रॅमवर जाऊन रखडतं.

एआय मॉडेलच्या बाबतीत मात्र मेमरीची बेरीज खरंच होते, आणि जुना नियम पहिल्यांदा मोडतो तो इथे. लामा डॉट सीपीपीसारखं सॉफ्टवेअर मॉडेलचे थर वाटून टाकतं. निम्मे एका कार्डावर, उरलेले दुसऱ्यावर. सुमारे १८ जीबीचं मॉडेल १२ जीबीच्या दोन आरटीएक्स ३०६० मध्ये मावतं. वेगाची बेरीज मात्र होत नाही, कारण पहिल्याचं झाल्यावरच दुसऱ्याची पाळी येते. एका टोकनसाठी (उत्तरातल्या शब्दाच्या तुकड्यासाठी) मॉडेलचे १८ जीबी एकदा वाचावे लागतात. ३०६० ची बँडविड्थ (मेमरी वाचायचा वेग) सेकंदाला ३६० जीबी, म्हणजे वरची मर्यादा सेकंदाला २० टोकन. एकट्या ३०९० मध्ये हे मॉडेल पूर्ण मावतं, आणि तिची बँडविड्थ ९३६ जीबी, म्हणजे ५२. हेच मॉडेल एकाच ३०६० वर चालवलं तर उरलेला भाग डीडीआर४ रॅमवर जातो. तिथे दोन चॅनेल मिळून सेकंदाला जेमतेम ५१ जीबी, आणि सगळा वेळ तिथेच जातो.

महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये ढिगाने कार्डं एकत्र चालतात मग घरी का नाही, असं कुणी विचारतं. तिथल्या एच१०० सारख्या कार्डांमध्ये एनव्हीलिंक या थेट जोडणीने सेकंदाला ९०० जीबीची देवाणघेवाण होते. घरच्या मदरबोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट बहुतेक वेळा दिसायला एक्स१६ (सोळा मार्गिकांचा), आतून चिपसेटवरचा एक्स४ असतो, सेकंदाला साधारण ८ जीबीचा. थरांच्या वाटणीला तेवढा पुरतो, कारण दर टोकनला काही किलोबाइटच पलीकडे जातात. मॉडेल लोड व्हायला आणि ट्रेनिंगला मात्र तो नडतो. बोर्ड घेताना मॅन्युअलमध्ये ‘एक्स८/एक्स८’ लिहिलं आहे का ते पाहावं, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

जोडी लावायचीच असेल तर दोन स्लॉटमधलं अंतर आधी मोजावं. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी. बोर्डवर तीन स्लॉटांचं अंतर आणि कार्ड अडीच स्लॉट जाड असेल तर वरच्या कार्डाच्या पंख्यांना श्वास घ्यायला सेंटिमीटरभर जागा उरते, तीही खालच्याच्या गरम हवेची. मे महिन्यात बंद खोलीत वरचं कार्ड आधी तापून मंदावतं. दोन ३०६० चे ३४० वॉट आणि बाकी मशीनचे दोनशे धरले तर ७५० वॉटचा चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) हवा, आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल. एकाच केबलची दोन शेपटं दोन कार्डांना लावू नयेत. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच देतो. महावितरणची लाइट गेली की तो क्षणात मान टाकेल. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला लावली की कार्डावरची थोडी मेमरी मॉडेलसाठी मोकळी होते.

माझा कल सेकंडहँड का असेना, पण एकट्या ३०९० कडे आहे. फक्त तिच्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाठीमागच्या बाजूला असतात आणि त्या भयंकर तापतात. लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा वाशीत कुणाच्या घरून, पैसे देण्याआधी अर्धा तास लोड देऊन एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या सर्वांत तापलेल्या भागाचं) तापमान पाहा. ते ११० अंशांना टेकत असेल तर थर्मल पॅड (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या) बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.