सोलापूर : शालेय विद्यार्थी मंडळे व सहशालेय उपक्रम

सोलापूर शहर व जिल्ह्यातील शाळांत नेमलेल्या विषयांखेरीज विद्यार्थ्यांसाठी चालणारी मंडळे, पथके, स्पर्धा व संमेलने. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाइड, राष्ट्रीय छात्र सेना, रस्ता सुरक्षा दल ही त्यांतली नेहमीची नावे. ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत आढळतात. सोलापुरात त्यांना वेगळा रंग येतो तो मुलांच्या घरांमुळे.

हे शहर आधी कापड गिरण्यांचे, मग यंत्रमाग व विडी कामगारांचे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कुटुंबांत कन्नड चालते, उर्दू बोलणारा समाजही मोठा आहे. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी दुसरी भाषा बोलणारी मुले असतात. बाईंनी अचानक प्रश्न विचारला की अशा मुलाची जीभ अडखळते. तेच मूल नाट्यवाचनात हिरिरीने बोलते, कारण वाक्ये पाठ असतात आणि कुठे अडलेच तर शेजारचा सावरून घेतो. म्हणून वक्तृत्व स्पर्धेपेक्षा नाटकाने इथल्या मुलांना मराठीत जास्त मोकळे केले, असे म्हणायला हरकत नाही. पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन २०१५ मध्ये सोलापुरात भरले, तेही या शहरात शोभणारेच होते. वाङ्मय मंडळाचे दुसरे मोठे काम म्हणजे हस्तलिखित : सुवाच्य अक्षराची मुले मजकूर उतरवतात, चित्रकार मुले समास सजवतात, आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्याचे प्रकाशन करण्याची पद्धत रूढ आहे. त्यात आजीकडून ऐकलेली तेलुगू किंवा कन्नड म्हण मराठी अर्थासह घेतली, तर अंक खरोखर सोलापूरचा होतो.

लेझीम हा इथला सर्वांत जिवंत उपक्रम. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत गणेश मंडळांची लेझीम पथके हे शहराचे भूषण समजले जाते, आणि त्याची पहिली पायरी अनेकदा शाळेच्या मैदानावर चढली जाते. एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ आणि साखळीत ओवलेल्या लोखंडी चकत्या, एवढेच साहित्य. शिक्षक आधी आकडे मोजून घेतात : चार आवाज, आठ आवाज, मग पवित्रा. शिट्टी वाजली की हालचाल बदलते. पहिल्या आठवड्यात नुसता खणखणाट असतो. कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. मुले कानांनी शेजाऱ्याला धरू लागली की सगळ्यांच्या चकत्या एकदम वाजतात, आणि तो आवाज पहिल्यांदा जमला की पोरे स्वतःच थांबून एकमेकांकडे बघतात. हलगी लागते ती त्यानंतर. आधीच हलगी आणली तर मुले तालावर नाचतात, लेझीम खेळत नाहीत. या खेळाला वेगळ्या पोशाखाचा खर्च नाही, अभ्यासात मागे असलेल्या मुलाला इथे पहिल्या रांगेत उभे राहता येते, आणि मुलींची पथकेही मुलांइतकीच जोरकस असतात.

चित्रकला मंडळाचे वर्षभराचे काम एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांभोवती फिरते. इंटरमिजिएट उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, म्हणून पालकही त्याला परवानगी देतात. त्यातल्या संकल्पचित्राच्या विषयात विणकरांच्या मुलांचा हात सहज चालतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागावर उतरते. एकच आकृती पुन्हापुन्हा आली की सलग नक्षी कशी होते, हे त्या मुलांनी घरी पाहिलेले असते. घरातल्या चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून पाहणे हा या मंडळासाठी फार चांगला पाठ आहे.

१२ जानेवारीला राज्यभर शाळांत जिजाऊ व विवेकानंद यांची जयंती होते. सोलापुरात हाच हुतात्म्यांचा दिवस आहे. स्वातंत्र्यलढ्यात मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. या चार नावांतच शहराची घडण दिसते, म्हणून इतिहास मंडळाने तो दिवस भाषणांत न घालवता मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी चालत न्यावे. लगेचच संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, आणि अभ्यासाकडे मुलांचे लक्ष तसेही नसते.

हरित सेनेला शहराबाहेर मोठी प्रयोगशाळाच मिळाली आहे. नान्नजचे माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. माळढोक आता दिसणे दुर्मीळ, पण काळवीट दिसतात आणि माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे हे मुलांच्या डोक्यात पक्के बसते. शाळेत नुसती झाडे लावण्याच्या कार्यक्रमातून ही समज येत नाही. उलट गवताळ माळावर झाडांची गर्दी केली तर माळढोकाचे घरच जाते.

खो-खोमध्ये जिल्ह्याने राज्याला सातत्याने खेळाडू दिले. वेळापूर आणि वाडीकुरोली ही गावे त्यासाठी ओळखली जातात. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे तेव्हा सराव उजाडताच उरकावा लागतो.

मंडळात कोण येणार हे बहुतेक वेळा वेळापत्रकच ठरवते. सराव शाळा सुटल्यावर ठेवला की यंत्रमागावर वडिलांना डबा नेणारा मुलगा आणि आई विड्या वळत असताना धाकट्यांना सांभाळणारी मुलगी आपोआप गळतात, आणि वर्षाअखेरी तीच ती मुले बक्षिसे घेतात. स्नेहसंमेलनात भाड्याचा पोशाख आणि बाहेरून आणलेला नृत्यशिक्षक आला की गळती आणखी वाढते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका मंडळांना द्याव्यात, हा त्यावरचा सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. दुसरी अडचण शिक्षकाची. मंडळ एकाच उत्साही सरांच्या जोरावर चालते आणि त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की फक्त नोंदवहीत उरते. आठवीच्या मुलांनी नववीत गेल्यावर नव्या आठवीला शिकवायचे, अशी रीत ज्या मंडळात पडली, ते मात्र शिक्षक बदलले तरी टिकते. लेझीम पथकांत ही रीत आधीपासून आहे.