अल्ट्रासोनिक की व्हॅक्यूम? रेकॉर्ड धुणाऱ्या दोन मशीनमधला फरक

दोन्हींत पाणी लागतं, दोन्हींत रेकॉर्ड फिरते, म्हणून ही दोन मशीन एकाच कामाची समजली जातात. प्रत्यक्षात अल्ट्रासोनिक घाण सुटी करतं आणि व्हॅक्यूम ती ओढून बाहेर काढतं. एकच घ्यायचं असेल तर आमचं मत व्हॅक्यूमला. सुटी झालेली घाण पाण्याबरोबर रेकॉर्डच्या खाचेतच वाळली, तर धुतलेलं फुकट.

अल्ट्रासोनिकमध्ये ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रशला दाद न देणारी, तळाशी बसलेली धूळ निघते. सराफ बाजारात दागिने धुतात ते याच तत्त्वावर, पण ती छोटी टाकी इथे कामाची नाही. १२ इंची रेकॉर्ड लेबल कोरडं ठेवून उभी बुडवली की पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी २८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. टाकी आतून ३० सेंटिमीटर लांब हवीच. सहा लिटरची बहुधा तेवढी असते. रेकॉर्ड फिरवणाऱ्या दांड्यावर तीनच रेकॉर्ड लावा, मध्ये अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. दाटीवाटीने लावल्या तर आतल्या बाजू तशाच राहतात. दोन-तीन मिनिटांत एक फेरा, एकूण १० ते १५ मिनिटं.

हीटर बंदच ठेवा. कंपनांनी पाणी आपोआप तापतं, आणि नाशिकच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीजवळ ठेवलेला पाण्याचा कॅन आधीच कोमट असतो. ३५ अंशांपुढे गेलं की थांबा, नाहीतर रेकॉर्ड वाकण्याची भीती. अल्ट्रासोनिकच्या टाकीत अल्कोहोल नको: वाफ पेट घेऊ शकते. सहा लिटरला फोटोग्राफीतला वेटिंग एजंट (पाणी नीट पसरवणारं द्रव) दोन-तीन मिली पुरे. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, त्यातला सुगंध आणि रंग मागे राहतो.

पाणी मात्र दोन्हीकडे डीएमच, म्हणजे क्षार काढलेलं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असो की बोअरचं, वाळल्यावर क्षार खाचेत उरतात आणि जुन्या खरखरीच्या जागी नवी कटकट सुरू होते.

व्हॅक्यूमवर द्रावण पसरून ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. बोटांचे डाग, पावसाळ्यात कव्हरमध्ये धरलेली बुरशी यांना दोन-तीन मिनिटं भिजू द्या. मग ओढायला दोन फेरे बास. जास्त फिरवली तर कोरडी प्लास्टिक घासून स्थिर वीज चढते. फेब्रुवारीपासूनच्या कोरड्या हवेत ती उतरत नाही आणि धुतलेली रेकॉर्ड धूळ ओढत बसते. पहिली बाजू झाली की ओढणीच्या फटीवरची मखमली पट्टी पुसा, नाहीतर तिथली घाण दुसऱ्या बाजूला लागते. पट्टी चपटी झाली की बदला. आवाज मोठा असतो, दुपारी शेजारी झोपले असताना लावू नका.

दोन्ही असतील तर आधी अल्ट्रासोनिक, मग ओल्या रेकॉर्डवर ताजं डीएम पाणी घालून व्हॅक्यूम. टाकीतलं पाणी गढूळ दिसायची वाट पाहू नका, गाळणीचा पंप नसेल तर १०-१२ रेकॉर्डनंतर बदलाच.

आजोबांच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डचं गणित वेगळं. द्रावणात अल्कोहोल असेल तर ते लाख विरघळवतं, एका पुसण्यात चकाकी जाते. त्यांना अल्ट्रासोनिक नको. साधं डीएम पाणी, वेटिंग एजंटचा एखादा थेंब, मऊ ब्रश आणि लगेच व्हॅक्यूम.