पिनोशेला जाहिरातीने हरवले नव्हते

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या छोट्या चित्रपट मंडळात दिग्दर्शक पाब्लो लाराईन यांचा 'नो' (२०१२), म्हणजे पिनोशेची सत्ता पुढे चालू ठेवावी की नाही यावर चिलीत १९८८ मध्ये झालेल्या सार्वमतावरचा चित्रपट दाखवला, की चर्चा ठरलेल्या वाक्यावर येते: विरोधकांच्या जाहिरातींतले इंद्रधनुष्याचे बोधचिन्ह आणि एक आनंदी गाणे यांनी चिलीच्या या हुकूमशहाला घरी बसवले. हा समज चुकीचा आहे, आणि तो पसरण्यात चित्रपटाच्या हातोटीचा मोठा वाटा आहे. लाराईन यांनी तो यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ पद्धतीवर चित्रित केला. चौकट जवळजवळ चौकोनी, उजेडासमोर रंग कडांवरून ओघळलेले, त्यामुळे अभिनय कुठे संपतो आणि खरे जुने चित्रण कुठे सुरू होते हे चटकन उमगत नाही.

विरोधकांना प्रचारासाठी दूरचित्रवाणीवर रोज रात्री १५ मिनिटे मिळाली, हे खरेच. परंतु १९७३ च्या लष्करी उठावानंतर मतदारयाद्या रद्द करून पुढे जाळण्यात आल्या होत्या. १९८७ मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाल्यावर कार्यकर्त्यांनी धास्तावलेल्या नागरिकांची समजूत घालत ती वाढवली आणि आकडा ७४ लाखांच्या आसपास पोहोचला. (नोंदणीची रांग पडद्यावर रंगत नाही, हे मान्य.) शिवाय ५ ऑक्टोबर १९८८ च्या मतदानानंतर सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता विरोधकांनी समांतर मोजणी केली, सुमारे ५६ टक्के मते पिनोशेच्या विरोधात गेली होती. आणि 'घरी बसवले' हेही अर्धेच खरे, कारण १९९० मध्ये अध्यक्षपद सोडल्यावरही पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख होता.