झेंडूच्या पाकळ्या कुठे गेल्या?

कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं, रॉ फोटोंचं, म्हणजे कॅमेऱ्यानं कच्च्याच ठेवलेल्या फोटोंचं, फोल्डर उघडलं, फोटो कसे झळझळीत दिसत होते. एकावर क्लिक केलं. सेकंदभर तो तसाच राहिला आणि मग डोळ्यांदेखत मलूल झाला. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, कार्ड गेलं.

कार्ड ठणठणीत होतं. आधी दिसला तो रॉ फोटो नव्हताच. रॉ फाइलच्या पोटात सहसा कॅमेऱ्यानं स्वतः बनवलेला एक जेपेग फोटो असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपण बघतो तोही तोच. सॉफ्टवेअर आधी हा तयार फोटो पुढे करतं आणि तेवढ्यात रॉवर स्वतःच्या पद्धतीनं काम सुरू करतं. मलूल दिसला तो या कामाचा पहिला टप्पा. त्यामुळे ‘हा फोटो एडिट केलाय का?’ असं कुणी विचारलं की मी जरा घुटमळतो. जेपेगसुद्धा एडिट केलेलाच असतो, फक्त ते काम कॅमेऱ्यानं न विचारता उरकलेलं असतं.

मग रॉमध्ये असतं तरी काय? आकडे. सेन्सरवर प्रकाश मोजणाऱ्या लाखो बारीक पेशी असतात आणि त्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक पेशीवर एक रंगीत गाळणी बसवलेली असते: लाल, हिरवी किंवा निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी १९७५ साली या मांडणीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळालं. दर चार पेशींमध्ये दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण उजेडातला बारीक फरक आपल्या डोळ्याला हिरव्याच्या आसपास सगळ्यात चांगला कळतो.

म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १२ दशलक्ष ठिपके हिरवे, ६ दशलक्ष लाल आणि ६ दशलक्ष निळे. ठिपक्यांच्या रांगोळीत प्रत्येक ठिपक्यावर एकच रंग टाकावा, तसं. बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतं. तुमच्या फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश अशा अंदाजातून आलेले असतात! अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. बारीक चौकड्यांच्या शर्टावर मात्र तो फसतो आणि कापडात नसलेले इंद्रधनुषी पट्टे उमटतात.

आता झेंडू. दसऱ्याला दारावरच्या तोरणाचा फोटो काढला, दुपारच्या उजेडात. जेपेगमध्ये फुलं म्हणजे नुसते नारिंगी गोळे, पाकळी म्हणून दिसेना. रॉ उघडला, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर ओढलं, आणि पाकळ्या एकेक करून वर आल्या. जादू वाटते, पण हा साधा गुणाकार आहे.

उन्हात पांढरा कागद ठेवला तर लाल पेशीचा आकडा हिरवीच्या साधारण निम्मा येतो. कागद पांढरा दिसावा म्हणून लाल आकड्यांना सुमारे दोननं गुणावं लागतं, निळ्यांना थोडं कमी. व्हाइट बॅलन्स म्हणतात तो मुळात एवढाच. (हा गुणाकार न करता रॉ बघितला तर सगळं हिरवट दिसतं, शेवाळलेल्या हौदातून बघितल्यासारखं.) १४ बिटांच्या रॉमध्ये आकडा ० ते १६,३८३ असतो. समजा, एका पाकळीचा लाल आकडा ९,००० आहे, शेजारचीचा ११,०००, तिच्या टोकाचा १३,०००. तिन्ही आकडे बिनधोक मावले. दुपटीनंतर ते होतात १८,०००, २२,००० आणि २६,०००. कॅमेऱ्याची कात्री १६,३८३ वर चालते, आणि तिन्ही पाकळ्या एकाच आकड्यावर येऊन बसतात. मग त्यांच्यात फरक कसा दिसणार? रॉमध्ये मूळ आकडे शाबूत असतात, म्हणून आधी सगळं निम्म्यावर आणता येतं आणि मग दाराच्या चौकटीतला अंधार वेगळा उजळता येतो. जेपेगमध्ये कात्री आधीच चाललेली असते, शिवाय तिथे दर रंगाला फक्त २५६ पायऱ्या.

पण रॉ म्हणजे अक्षयपात्र नव्हे. पेशीच उतू गेली, तर तिथला तपशील कुठल्याही स्लायडरनं परत येत नाही. मावळत्या सूर्याभोवती कधी विचित्र गुलाबी कडं दिसतं, ते याचंच. हिरव्या पेशी आधी भरून थांबतात, लाल आणि निळे आकडे गुणाकारानं पुढे निघून जातात, आणि पांढऱ्यातून हिरवा कमी पडला की उरतो गुलाबी.

दुसऱ्या टोकाला अंधार. सेन्सरचा हिशोब सरळ असतो, उजेड निम्मा तर आकडा निम्मा. त्यामुळे १६,३८४ पायऱ्यांपैकी सर्वांत उजळ स्टॉपला ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, असं करत दहाव्या स्टॉपच्या वाट्याला फक्त १६. त्यात प्रकाश धारेसारखा सलग येत नाही, पावसाच्या थेंबांसारखा सुटा येतो. एका पेशीवर १०,००० प्रकाशकण पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. सावली उजळताना दिसणारी रवाळ खरखर बरीचशी हीच असते. कॅमेरा महागडा घेतला तरी प्रकाशाचा हा स्वभाव सुटत नाही.

या कामाला पैसे मोजावेच लागतात असं नाही. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ साली डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कंपन्यांनी आपापल्या रॉ फाइलची रचना सांगितली नाही, तरी त्यांनी ती उकलत नेली. त्यांच्या कोडवर पुढे कितीतरी सॉफ्टवेअर उभी राहिली. आज डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट मिळतात. मूळ रॉ फाइलला ती हात लावत नाहीत. तुम्ही केलेले बदल शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये कृतीसारखे लिहून ठेवतात. दहा वर्षांनी आवड बदलली तर त्याच कच्च्या मालातून पुन्हा नवा फोटो करता येतो. लग्नाच्या अल्बममधली भडक आभाळं बघितली की हे फार दिलासादायक वाटतं.

गंमत म्हणजे, इतकं गणित करूनही एक प्रश्न सुटत नाही. त्याच दसऱ्याला संध्याकाळी देवघरात समई लावली होती. समईच्या उजेडात हिशोब पार उलटतो. लाल भरपूर, निळा जेमतेम, त्यामुळे निळ्याला कितीतरी पटींनी फुगवावं लागतं आणि त्याची खरखरही सोबत फुगते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, समईची ज्योत साधारण १,९०० केल्विनची. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर तिथे नेला की भिंत पांढरी होते, गणित बरोबर येतं, आणि देवघर ट्यूबलाइटमध्ये असल्यासारखं दिसतं. ५,५०० वर ठेवला तर देवांसकट सगळं शेंदरी. मी तो मध्येच कुठेतरी, ३,००० च्या आसपास सोडला आणि फोटो मावशीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, ‘छान आलाय, पण समई एवढी पांढरट नव्हती रे.’