ऊर्जाक्षम घराची तापनव्यवस्था

थंड प्रदेशात नवीन ऊर्जाक्षम घर बांधताना ते हिवाळ्यात उबदार ठेवण्यासाठी कोणते साधन निवडावे, ते किती क्षमतेचे असावे आणि त्याची उष्णता खोल्यांपर्यंत कशी न्यावी, याचा निर्णय. जुन्या पद्धतीच्या घरात आधी बॉयलर ठरे आणि भिंतींचा विचार मागाहून होई. ऊर्जाक्षम घरात हा क्रम उलटा असतो : भिंती, छप्पर, खिडक्या आणि फटी यांतून किती उष्णता निसटते याचा हिशेब आधी, यंत्राची निवड नंतर. हा हिशेब न करता केलेल्या निवडीत यंत्र हमखास गरजेपेक्षा मोठे निघते आणि त्याचा भुर्दंड घरमालकाला दोनदा बसतो, एकदा खरेदीत आणि पुढे रोजच्या वापरात.

या विचाराचे सर्वांत काटेकोर रूप म्हणजे जर्मनीतील ‘पॅसिव्ह हाउस’ मानक. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील प्राध्यापक बू अदामसन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्यात 1988 मध्ये झालेल्या चर्चेतून ही कल्पना आकाराला आली, आणि डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात एका ओळीत बांधलेल्या चार घरांत 1991 मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. तापनासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 किलोवॉट-तासांपेक्षा (म्हणजे विजेच्या बिलावरच्या 15 युनिटांपेक्षा) जास्त उष्णता लागू नये, किंवा कडाक्याच्या थंडीतही दर चौरस मीटरला 10 वॉटपेक्षा जास्त क्षमता लागू नये, ही या मानकाची मुख्य अट आहे. उष्णता अडवणारे रोधन नसलेल्या जुन्या युरोपीय घरांत हीच वार्षिक गरज 200 किलोवॉट-तासांच्या घरात जाते.

10 वॉट हा आकडा हवेतून काढलेला नाही. तो खरोखर हवेवरूनच काढलेला आहे. माणशी ताशी 30 घनमीटर ताजी हवा घरात घ्यावीच लागते. ही हवा सुमारे 50 अंश सेल्सिअसपर्यंत तापवता येते. त्यापलीकडे तिच्यातील धूळ करपून वास येऊ लागतो. खोली 20 अंशांवर ठेवायची तर हवेने आणलेला फरक 30 अंशांचा होतो. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे 0.33 वॉट-तास लागतात; म्हणजे माणशी मिळणारी उष्णता जेमतेम 300 वॉट भरते. माणशी 30 चौरस मीटर जागा धरली, की दर चौरस मीटरला 10 वॉट येतात. घराची गरज या मर्यादेत राहिली, तर वायुवीजनाच्या नळ्याच उष्णताही वाहून नेतात आणि रेडिएटरचे, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या पत्र्यांचे, वेगळे जाळे टाळता येते. न्हाणीघराला मात्र थोडी जास्त ऊब लागते, म्हणून तिथे टॉवेल वाळवण्याचा एखादा छोटा रेडिएटर बहुधा बसवतात.

या हिशेबाने 120 चौरस मीटरच्या घराला ऐन थंडीत फक्त 1.2 किलोवॉट पुरतात. पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरातला साधा साठवणीचा गिझरसुद्धा 2 किलोवॉटचा असतो, हे लक्षात घेतले की प्रमाण ध्यानात येते.

सध्या नव्या घरांत पहिली पसंती हीट पंपाला मिळते. तो उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उपसून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेवर वर्षभराच्या सरासरीने तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. पाणी जितके कमी तापवावे लागेल तितका पंपाचा लाभ मोठा. फरशीखालच्या नळ्यांना सुमारे 35 अंशांचे पाणी पुरते, तर लहान रेडिएटरना 55 अंशांचे लागते, आणि फरक इथेच पडतो. मात्र फरशीखालचा जाड काँक्रीटचा थर तापायला आणि निवायला काही तास घेतो. दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आले तरी फरशी आपली उष्णता सोडतच राहते आणि खोली नको इतकी तापते. शिवाय गरजेपेक्षा मोठा पंप किमान वेगावरही जास्तच उष्णता देतो, सारखा चालू-बंद होत राहतो आणि त्याचा काँप्रेसर लवकर झिजतो. वायुवीजन, छोटा हीट पंप आणि गरम पाण्याची टाकी एकाच कपाटात सामावणारी संयुक्त यंत्रे अशा घरांसाठीच तयार झाली आहेत.

नुसत्या विजेच्या कॉइलवर तापवणे बसवायला स्वस्त आणि चालवायला महाग असते. पण गरजच नगण्य असेल तर ते समर्थनीय ठरते. स्वीडनमधील गोथेनबर्गजवळच्या लिंडोस येथे 2001 मध्ये पूर्ण झालेल्या 20 घरांत नेहमीची तापनव्यवस्थाच नाही; आत येणाऱ्या हवेच्या मार्गात 900 वॉटची कॉइल आहे, इतकेच. गॅस बॉयलरच्या बाबतीत जोडणीचे स्थिर शुल्क वापराच्या मानाने डोईजड होते. लाकडाची शेगडी दिसायला लोभस असली, तरी ती 6 ते 8 किलोवॉट एकदम सोडते आणि तासाभरात खिडक्या उघडायची वेळ येते. शिवाय हवाबंद घरात जळणासाठीची हवा बाहेरून वेगळ्या नळीने आणावी लागते. नाहीतर वायुवीजनाच्या पंख्याने धूर खोलीत ओढला जाण्याचा धोका असतो.

निवडीआधीचा हिशेब प्रत्यक्ष बांधकामात उतरला का, हे दारात पंखा बसवून तपासतात. आत-बाहेरच्या दाबात 50 पास्कलचा फरक ठेवला असता ताशी घरातील हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा झिरपू नये, अशी पॅसिव्ह हाउसची अट आहे. विजेच्या बटणांच्या पेटीजवळ उदबत्ती धरली आणि धुराची सरळ रेघ वाकली, की तिथली फट सापडते. हवा अडवणारा थर झाकला जाण्यापूर्वी हे केले तर दुरुस्ती सोपी जाते.

उत्तम रोधनामुळे तापन बंद केले तरी रात्रभरात खोली जेमतेम अंशभर निवते; त्यामुळे रात्री यंत्र बंद ठेवून फारशी बचत होत नाही. खर्चाचा मोठा वाटा गरम पाण्याकडे सरकतो. चौघांच्या कुटुंबाला रोज 100 लिटर पाणी 10 वरून 60 अंशांवर न्यायचे, तर वर्षाला सुमारे 2,100 किलोवॉट-तास लागतात. वरील 120 चौरस मीटरच्या घराचे तापन मात्र 1,800 मध्ये भागते. महाराष्ट्रात घराला तापवण्याची गरज कधी पडली नाही, पण अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटतच होता. डार्मश्टाटचे ऊर्जाक्षम घरही फिरून याच प्रश्नाशी येते. म्हणून यंत्र निवडताना आधी टाकी आणि नळांची लांबी पाहावी, खोल्या नंतर.

हवामान बदलले की उत्तरही बदलते. जर्मनीचा डिसेंबर ढगाळ असतो, तेव्हा सूर्यावर फार विसंबता येत नाही. लडाखमध्ये थंडी अधिक कडक, पण हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते. लेहजवळच्या फे येथील सेक्मोल या शिक्षणसंस्थेच्या इमारतींना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेला मोठ्या काचा आहेत. दिवसा त्या भिंती ऊन साठवतात आणि रात्री ते हळूहळू आत सोडतात. त्यामुळे त्या भागात घरोघरी पेटणाऱ्या बुखारीची, म्हणजे धुराड्याच्या लोखंडी शेगडीची, तिथे फारशी गरज उरत नाही.