ओव्हरक्लॉकिंगमुळे रोजच्या वापरातला संगणक वेगवान होतो का?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,
सप्रेम नमस्कार.

“प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून दिलात, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलात, तर आमचा जुना संगणक पळेल का?” हा प्रश्न आमच्या नाशिकच्या दुकानात वारंवार विचारला जातो. टॅली, एक्सेल, जीएसटीची विवरणपत्रे, ई-मेल, ब्राउझर आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग एवढाच वापर असेल, तर त्याने जाणवण्याइतका फरक पडत नाही. अशा संगणकासाठी या कामाचे पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यामागची कारणे येथे सविस्तर देत आहोत.

प्रोसेसर (सीपीयू), म्हणजे संगणकातली सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, ठरावीक ठोक्यांवर चालतो. सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीचा, म्हणजे मदरबोर्डचा, मूळ ठोका सहसा १०० मेगाहर्ट्‌झचा असतो आणि त्याला ४२ ने गुणले की ४.२ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ४२० कोटी ठोके मिळतात. हा गुणक कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. एकेकाळी त्याचा लाभ खरोखर मोठा होता. १९९८ मधला ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवता येई. आज ती परिस्थिती राहिलेली नाही, कारण आताचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून आपला वेग स्वतःच वाढवतात व शिल्लक फारशी ठेवत नाहीत.

मुख्य मुद्दा असा की रोजच्या कामात आपण ज्याची वाट पाहतो, तो बहुतेक वेळा प्रोसेसर नसतोच. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एखादी नोंद शोधण्यास साधारण १२ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ४.२ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे सुमारे ५ कोटी ठोके निघून जातात. वेग ४.६ वर नेला, तर डिस्क लवकर फिरत नाही. प्रोसेसर फक्त साडेपाच कोटी ठोके ताटकळत राहतो. समजा, एखादी फाइल उघडण्यास १० सेकंद लागतात आणि त्यात प्रोसेसरचे काम २ सेकंदांचे आहे, तर या वाढीमुळे सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा वाचेल.

उलट मोजावी लागणारी किंमत मोठी असते. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.२ वरून ४.६ वर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावे लागले, तर साडेनऊ टक्के वेगासाठी सुमारे एक तृतीयांश जास्त उष्णता सोसावी लागेल. कधी कधी तर वेग घटतोही. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर एकेका कोअरला (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाला) स्वतःहून ४.६ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेतो. सगळे कोअर ४.४ वर पक्के बांधले, तर एखाददुसऱ्या कोअरवर चालणारी रोजची कामे आधीपेक्षा मंदावू शकतात.

हिशेबाचे काम करणाऱ्यांनी आणखी एका धोक्याची दखल घ्यावी, असे आम्ही कळकळीने सांगतो. ओव्हरक्लॉकिंग अस्थिर असले की संगणक दर वेळी बंद पडतोच असे नाही. कधी तो चालू राहतो आणि फाइल मात्र न कळत बिघडते.

म्हणून आधी मंदपणाचे मूळ शोधावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तेथे सीपीयू १५ टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क) बसवावी. मेमरी भरलेली असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वाढवावी. सातपूर-अंबड परिसरातील वर्कशॉपमधून येणारे संगणक उघडल्यावर पंख्याखालच्या हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत धूळ आणि तेलकट वाफ यांचा करडा, नमद्यासारखा थर चिकटलेला आढळतो. असा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. हीटसिंक साफ करून प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली की गेलेला वेग परत येतो.

व्हिडिओ रेंडरिंग (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणे) किंवा काही गेम्स यांसाठी ज्यांना ओव्हरक्लॉकिंग हवेच आहे, त्यांना आम्ही ते करून देतो. त्यासाठी इंटेलमध्ये सामान्यतः नावात ‘के’ असलेला प्रोसेसर व ‘झेड’ मालिकेच्या चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड लागतो. रायझनसाठी ‘ए’ मालिकेचा चिपसेट चालत नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून ग्राहकाची लेखी संमती घेतो आणि सर्व माहितीचा बॅकअप काढल्याशिवाय कामाला हात लावत नाही. खोलीचे तापमान जेवढे चढते, जवळपास तेवढेच प्रोसेसरचेही चढते, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीत स्थिर ठरलेली सेटिंग एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. हिवाळ्यात ओव्हरक्लॉक करून नेलेले संगणक कृपया एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा दुकानात आणावेत. या फेरतपासणीचे शुल्क आकारले जात नाही.