ओव्हरलोडिंग की ओव्हरराइडिंग: मेथड निवडतं कोण?

प्रोग्रामिंगच्या मुलाखतीत ओव्हरलोडिंग (एकाच नावाच्या, पण वेगळे पॅरामीटर्स म्हणजे इनपुट घेणाऱ्या मेथड्स) आणि ओव्हरराइडिंग (पेरेंट क्लासची मेथड चाइल्डने त्याच पॅरामीटर्ससह पुन्हा लिहिणं) यांतला फरक विचारला की ठरलेलं उत्तर येतं: ओव्हरलोडिंग एकाच क्लासमध्ये, ओव्हरराइडिंग पेरेंट आणि चाइल्डमध्ये. हे अर्धवट आहे. चाइल्ड क्लाससुद्धा पेरेंटची मेथड ओव्हरलोड करू शकतो. त्यापेक्षा एवढंच विचारावं, की कुठली मेथड चालणार हे कोण ठरवतं आणि कधी?

जावात स्क्रीनवर काही छापायची रोजची ओळ घ्या: सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन(बिल). प्रिंटएलएन नावाच्या तिथे १० मेथड्स आहेत. इंटसाठी (पूर्णांक) वेगळी, स्ट्रिंगसाठी (मजकूर) वेगळी, ऑब्जेक्टसाठी वेगळी. बिल हा आपण लिहिलेला क्लास, आणि जावातल्या सगळ्या क्लासेसचा मूळ पेरेंट ऑब्जेक्ट, म्हणून कंपायलर (कोड चालण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) ऑब्जेक्टवाली निवडतो. प्रोग्राम अजून चालूही झालेला नसतो. हे ओव्हरलोडिंग. कंपायलर फक्त पॅरामीटर्स बघतो. नुसता रिटर्न टाइप बदललात तर तो एररच देतो. आणि नुसतं नल (म्हणजे 'काहीच नाही') दिलंत, तर कॅरेक्टरचा अ‍ॅरे की स्ट्रिंग हे त्याला ठरवता येत नाही, कोड कंपाइलच होत नाही.

आता तीच ओळ चालवा. आत टूस्ट्रिंगला, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करून देणाऱ्या मेथडला, कॉल जातो. ऑब्जेक्ट क्लासचं टूस्ट्रिंग चालवायचं की बिलचं, हे समोर प्रत्यक्ष कोणता ऑब्जेक्ट आहे ते बघून जेव्हीएम (जावा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर) ठरवतं. हे ओव्हरराइडिंग. बिलमध्ये टूस्ट्रिंग लिहिलंच नसेल तर क्लासचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि पुढे काहीतरी अगम्य आकडे-अक्षरं दिसतात.

(पायथनमध्ये ओव्हरलोडिंग या अर्थाने नाहीच. एकाच नावाचं फंक्शन दोनदा लिहिलंत की दुसरं पहिल्याला गुपचूप पुसून टाकतं.)

खरी फजिती होते ती एक करायला जाऊन दुसरंच झालं की. बिंदू नावाच्या क्लासमध्ये मी इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे सांगणारी मेथड) लिहिलं, पण पॅरामीटर घेतला बिंदू. अ आणि ब हे दोन सारखे बिंदू घेतले, तर अ.इक्वल्स(ब) ट्रू यायचं. तोच ब, अ असलेल्या अ‍ॅरेलिस्टच्या कंटेन्सला (ही गोष्ट यादीत आहे का, हे सांगणारी मेथड) दिला की फॉल्स. अर्धा दिवस गेला. कंटेन्स हाक मारतं ते ऑब्जेक्ट घेणाऱ्या इक्वल्सला, आणि ते मी ओव्हरराइड केलंच नव्हतं. शेजारी एक नवीन इक्वल्स उभं केलं होतं. २००४ साली जावा ५ सोबत आलेलं ओव्हरराइड हे, कंपायलरसाठी कोडवर लावायच्या खुणेसारखं, अ‍ॅनोटेशन याचसाठी आहे. मेथडच्या डोक्यावर ते लावलं, आणि कंपायलरने लगेच त्याच ओळीवर बोट ठेवलं.